उन्हाळी गिरिमुक्कामातील रात्रीची ऊब : एक आढावा

मे महिन्यात नांदगाव परिसरात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री माणसे अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपतात. त्याच महिन्यात नाशिक, मनमाड, नांदगाव या पट्ट्यातील गिर्यारोहकांच्या तुकड्या मध्य रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे निघून हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील साडेतीन ते चार हजार मीटर उंचीच्या तळांवर मुक्काम करतात, जेथे पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला आढळतो. इतक्या अंतराच्या दोन हवामानांमध्ये दोन-तीन दिवसांत ये-जा करणाऱ्याला रात्री ऊब कशी टिकवावी हा प्रश्न पडतो, आणि सारे सामान स्वतःच्याच पाठीवर वाहायचे असेल तर तो अधिक अवघड होतो. तंबू, अंथरूण, पांघरूण, अन्न आणि इंधन मिळून भार आठ-दहा किलोंच्या आत ठेवण्याच्या पद्धतीला येथे हलका मुक्काम म्हटले आहे. या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा 'स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी' येथे सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत आढाव्याची भूमिका अशी की पांघरुणाचा विचार तिसऱ्या क्रमांकावर येतो. त्याआधी पाठीखालची जमीन आणि अंगावरचा ओलावा यांचा हिशेब लावावा लागतो, आणि हा क्रम उलटा झाल्यामुळेच महागड्या पिशवीत शिरूनही माणसे रात्रभर कुडकुडतात.

उंचीबरोबर हवा थंड होत जाते, तिचे सरासरी प्रमाण दर हजार मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस मानले जाते. म्हणजे मैदानी भागात रात्री २८ अंश तापमान असताना चार हजार मीटरवर ते शून्याच्या आसपास येणे हे नेहमीचेच होय. परंतु रात्रीची थंडी केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. दिवसा सूर्यापासून मिळालेली उष्णता जमीन, खडक, तंबूचे कापड आणि उघड्यावर झोपलेले शरीर ही सर्व रात्री अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असतात, आणि या क्रियेला उत्सर्जन म्हणतात. ढग आणि हवेतील बाष्प यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात. उंचावर हवा विरळ व कोरडी असल्याने हे परतणे कमी होते, म्हणून निरभ्र रात्री तंबूचे छत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड पडते आणि त्यावर दव किंवा हिमकण जमतात. थंड झालेली हवा जड असते, ती उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साठते. त्यामुळे नदीकाठची सपाट हिरवळ मुक्कामाला कितीही मोहक दिसली तरी तिच्यापेक्षा वीस-तीस मीटर वरचा, वाऱ्याच्या आड असलेला कोरडा टप्पा पुष्कळदा अधिक उबदार असतो. झाडांच्या छताखाली किंवा मोठ्या खडकाच्या कडेला झोपल्यास आकाशाचा उघडा भाग कमी होतो आणि उत्सर्जनाने होणारी हानीही कमी होते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तो निर्णय कुरणांच्या रक्षणासाठी होता, पण त्यामुळे मुक्काम वृक्षरेषेजवळ खाली येत असेल तर झोपणाऱ्याच्या दृष्टीनेही तो तोट्याचा नाही.

उन्हाळा या शब्दाने आणखी एक फसगत होते. हिवाळ्यात उंच डोंगरावरचे बर्फ कोरडे असते आणि जाणारा माणूस तयारीनिशी जातो. मे-जूनमध्ये मात्र बर्फ वितळत असते, दुपारनंतर पाऊस किंवा गारा येतात, बूट व मोजे भिजतात आणि ओल्या अंगावर वारा लागतो. २०२४ च्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रताल परिसरात २२ जणांची एक तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यातील ९ जणांचा मृत्यू झाला. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली जाण्याच्या अवस्थेला अल्पताप म्हणता येईल. ती यायला उणे वीस अंशांची गरज नसते, शून्याच्या जरा वरचे तापमान, भिजलेले कपडे आणि जोराचा वारा हे तिघे एकत्र आले की पुरते.

शांत झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण ७५ ते ८० वॉट दराने उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी. बाहेरून उष्णता घालायचा उपाय नसेल तर रात्रीचे सारे भांडवल एवढेच, आणि मुक्कामाचे संपूर्ण तंत्र म्हणजे हे भांडवल कोठून गळते याचा शोध होय. गळती चार वाटांनी होते: लागून असलेल्या थंड वस्तूकडे होणारे वहन, हलत्या हवेबरोबर जाणारे अभिसरण, आकाशाकडे होणारे उत्सर्जन आणि घाम व श्वासातून होणारे बाष्पीभवन. पांघरूण या चारपैकी मधल्या दोन वाटा चांगल्या अडवते. पहिली वाट, म्हणजे जमिनीकडची, ते जवळजवळ अडवू शकत नाही, कारण कोणत्याही पांघरुणाची ऊब त्याच्या धाग्यांत नसते, धाग्यांनी धरून ठेवलेल्या स्थिर हवेत असते, आणि अंगाखाली दबलेल्या भागातली हवा वजनाने निघून गेलेली असते.

ही बाब आकड्यांत मांडली की तिचे गांभीर्य कळते. चटईची उष्णता अडवण्याची क्षमता आर-मूल्याने सांगतात. हे मूल्य जितके मोठे तितकी उष्णता हळू वाहते. पाठीची जमिनीला टेकलेली बाजू अर्धा चौरस मीटर, त्वचा आणि जमीन यांच्या तापमानातला फरक ३० अंश, असे धरून ढोबळ हिशेब केला तर आर-मूल्य १ असलेल्या पातळ चटईतून ८५ वॉटच्या आसपास उष्णता जमिनीत जाते, म्हणजे शरीर निर्माण करते त्याहून जास्त. मूल्य २ असेल तर सुमारे ४३ वॉट आणि ४ असेल तर २१ वॉट. अंगावरच्या कपड्यांचा व पिशवीच्या दबलेल्या थराचा अडसर जमेस धरल्यास हे आकडे खाली येतात, पण त्यांच्यातला कल तोच राहतो. महाराष्ट्रातील गिरिप्रेमी ज्या फोमच्या गुंडाळीला कॅरीमॅट म्हणतात, तिच्या साध्या जातीचे मूल्य २ च्या अलीकडे-पलीकडे असते. स्वस्त आणि पातळ जातीचे त्याहूनही कमी. सह्याद्रीत ती पुरते, आणि तेथे पुरते म्हणूनच हिमालयातही तीच नेली जाते, ही या भागातील मुक्कामांची सर्वांत जुनी चूक आहे. वेगवेगळ्या कंपन्या आर-मूल्य वेगवेगळ्या रीतीने मोजत असल्यामुळे पूर्वी तुलना अशक्य होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएसटीएम एफ ३३४० या मानकानंतर ती शक्य झाली. फोमची एक चटई आणि तिच्यावर हवा भरायची दुसरी असे दोन थर घेतल्यास त्यांची मूल्ये बेरजेने वाढतात, आणि हवेची चटई फुटली तरी माणूस जमिनीवर येत नाही.

जमिनीचा हा गुण बाजेवर झोपणाऱ्यांना उलट बाजूने ठाऊक असतो. उन्हाळ्यात बाजेखालून वारा खेळतो म्हणून ती सुखाची वाटते, आणि थंडीत त्याच कारणाने पाठ गार पडते. म्हणून जाणती माणसे थंडीत एक गोधडी पांघरायची काढून अंथरायला घेतात. सह्याद्रीतील लेण्यांत आणि गुहांत मुक्काम करताना, उदाहरणार्थ मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईवर किंवा हरिश्चंद्रगडावर, डोक्यावरचे दगडी छत आकाशाकडे जाणारी उष्णता अडवते, पण खालचा बसाल्ट खडक कोरड्या मातीपेक्षा कित्येक पटींनी वेगाने उष्णता ओढून घेतो. गुहेत थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून वाजते.

या प्रश्नाला नांदगावच्या माळरानावर एक जुने, स्वतंत्र उत्तर तयार झालेले आहे, आणि गिर्यारोहणाच्या लेखनात त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतलेली दिसत नाही. नाशिक, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतील ठेलारी आणि इतर धनगर पावसाळा संपला की मेंढ्यांचे कळप घेऊन बाहेर पडतात, घोड्यावर बिऱ्हाड लादतात, खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात आणि वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या, कुंपणाशेजारी उघड्यावर झोपतात. त्यांचे प्रमुख साधन घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड्याभरड्या लोकरीचे सूत कातून सनगर कारागीर ते मागावर चढवतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि घट्ट विणतात. या लोकरीचे पुष्कळ तंतू आतून पोकळ असतात. मलमली कपड्याला ती निकामी, पण हवा धरून ठेवायला आणि ओझ्याखाली न दबायला उत्तम. शिवाय लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना किंचित उष्णता बाहेर टाकते. कापसाची गोधडी याच्या नेमकी विरुद्ध वागते: ती ओलावा पटकन घेते, सावकाश सोडते आणि ओली झाली की अंगाची उष्णता ओढू लागते, म्हणून घरी कितीही मायेची असली तरी उंच डोंगरावर तिला स्थान नाही.

एकच घोंगडी अंथरूणही होते आणि पांघरूणही. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की ती छत्री होते, आणि वाऱ्याच्या दिशेने टांगली की आडोसा होते. एका वस्तूकडून अनेक कामे करून घेण्याचे हे तत्त्व हलक्या मुक्कामाचा आजचा विचार स्वतःचे म्हणून सांगतो. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडताना, ज्यांतली इंद्रहार खिंड चार हजार मीटरहून उंच आहे, लोकरीचा घेरदार चोला घालतात आणि कमरेला लोकरीचाच लांब दोर गुंडाळतात. तोही याच जातीचा उपाय. दोन्हींची मर्यादा मात्र स्पष्ट मान्य केली पाहिजे. चांगली घोंगडी दोन-अडीच किलो भरते, तेवढ्या वजनात आज पिशवी, चटई आणि उबदार कोट असे तिन्ही बसतात. धनगराच्या बिऱ्हाडाला घोडा असतो, पाठपिशवीवाल्याला नसतो. जेथे तळापर्यंत गाडी किंवा खेचर जाते तेथे तंबूच्या तळाशी अंथरायला घोंगडीइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नाही. पुढच्या चढाईवर ती नेण्यात अर्थ नाही. दख्खनी लोकरीला भाव न उरल्यामुळे अनेक ठिकाणी कातरलेली लोकर फेकून दिली जाते, ही स्थिती मात्र क्लेशकारक आहे. हवा धरणाऱ्या, न दबणाऱ्या तंतूचा थापून केलेला पातळ थर चटईच्या कामी येऊ शकतो का, याचा पद्धतशीर तपास व्हायला हवा.

आता पांघरुणाकडे वळता येईल. आल्प्समध्ये १८६१ च्या सुमारास फ्रान्सिस टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने झोपण्याच्या पिशवीचे प्रयोग केले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात बदकाची मऊ पिसे भरून शिवलेला कोट घातला, सोबत्यांनी त्याची थट्टा केली आणि नंतर साऱ्या जगाने त्याचे अनुकरण केले. बदक किंवा हंस यांच्या छातीवरचे पीस काडीविना फुलोऱ्यासारखे असते, म्हणून थोड्या वजनात ते फार मोठी हवा धरते. एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात त्या आकड्याला फुलावक्षमता म्हणावे, आणि ती ६०० पासून ८०० व त्याहून वरही जाते. पिसे भिजली की गोळा होतात आणि त्यांची ऊब जवळजवळ संपते. कृत्रिम तंतू वजनदार, पण भिजल्यावरही काही ऊब राखणारे आणि स्वस्त; पावसाच्या तोंडावरच्या जून महिन्यात, विशेषतः नवशिक्यासाठी, तोच अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

पिशवीवरचा तापमानाचा आकडा वाचताना फार काळजी हवी. २००२ च्या युरोपीय मानकापासून आणि २०१६ पासून आयएसओ २३५३७ या मानकानुसार, कपडे घातलेला तापता पुतळा चांगल्या चटईवर पिशवीत ठेवून तीन आकडे काढतात. पहिला सुखाचा, म्हणजे प्रमाणित स्त्री सैल अंगाने झोपू शकेल तो. दुसरा मर्यादेचा, म्हणजे प्रमाणित पुरुष अंग मुडपून झोप काढेल तो. तिसरा टोकाचा, ज्यावर केवळ जीव वाचण्याची अपेक्षा आहे, झोपेची नाही. विक्रेते बहुधा दुसरा किंवा तिसरा आकडा ठळक छापतात. उष्ण प्रदेशातून दोन दिवसांत वर पोचलेल्या, दमलेल्या आणि अर्धपोटी माणसाने सुखाच्या आकड्यावरच विसंबावे, आणि तोही चार-पाच अंशांची सूट ठेवून. भाड्याच्या पिशव्यांबाबत आकडा मुळीच धरू नये, कारण वर्षानुवर्षे आवळून ठेवलेल्या आणि कडक साबणाने धुतलेल्या भरणाचा फुलाव उरलेला नसतो. पाठीखालचा भरण तसाही दबून वाया जातो, या विचाराने काही हलके प्रवासी पाठ उघडी असलेली रजई वापरतात. विचार अचूक आहे, पण तो चांगल्या चटईवाचून घातक आहे.

रात्रीचा ओलावा बाहेरून येतो तसा आतूनही येतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात जवळपास अर्धा लिटर पाणी सोडतो. तंबू गच्च बंद केला तर ते थंड कापडावर थेंब होऊन जमते आणि पहाटे पिशवीवर टपकते. म्हणून थंडी असली तरी तंबूच्या झडपा वरून थोड्या उघड्या ठेवाव्यात, तोंड पिशवीत खुपसून श्वास सोडू नये, आणि सकाळी निघण्यापूर्वी पिशवी उलटी करून उन्हात घालावी. अंथरुणे उन्हात घालण्याची घरची सवय येथे तंतोतंत लागू पडते. हे टाळल्यास पिसांची पिशवी दर रात्री थोडी जड आणि थोडी थंड होत जाते, आणि चौथ्या-पाचव्या रात्री, जेव्हा मुक्काम सर्वांत उंच असतो, ती सर्वांत निकामी असते. चालताना घामेजलेले कपडे अंगावर तसेच ठेवून आत शिरणे हा आणखी एक सर्रास प्रमाद. केवळ झोपण्यासाठी राखलेला लोकरीचा किंवा कृत्रिम तंतूचा कोरडा जोड, सैल मोजे आणि कानटोपी यांचे वजन पाव-अर्धा किलो होते, आणि तेवढ्याच वजनाचा जादा भरण त्यांची बरोबरी क्वचितच करतो. मोजे घट्ट नकोत, कारण रक्तप्रवाह अडला की पाय गरम होत नाहीत. कानाला वारा लागू देऊ नये हा आजीचा आग्रह शरीरशास्त्रालाही मान्य आहे: डोके शरीराचा लहानसा भाग असले तरी बाकी सारे झाकलेले असताना तोच एक उघडा उरतो.

पिशवी उष्णता निर्माण करीत नाही, म्हणून आत शिरण्यापूर्वी शरीर थोडे तापलेले असावे. पाच-दहा मिनिटे घाम न येईल इतपत हालचाल पुरते. तूप घातलेली खिचडी, पिठले, शेंगदाणे आणि गूळ असे स्निग्ध जेवण पचताना बराच वेळ उष्णता देते. एक लिटर पाणी ८० अंशांवर आणून पक्क्या झाकणाच्या बाटलीत भरून मांड्यांजवळ ठेवले, तर ते ३५ अंशांवर येईपर्यंत सुमारे १९० किलोज्यूल उष्णता सोडते. हे चार तासांत घडल्यास सरासरी १३ वॉट, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेचा सहावा हिस्सा. इंधनाचा असा सदुपयोग दुसरा नाही. मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता झपाट्याने निघून जाते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्केच असतो, त्यामुळे झोपेत श्वास अडखळतो आणि भूक मंदावते. थंडी वाजून झोप लागत नाही असे सांगणाऱ्याला कधी कधी थंडी नसून उंची बाधत असते, आणि त्यावर उपाय पांघरुणाचा नाही, खाली उतरण्याचा आहे.

एका बाबतीत कोणतीही सवलत देता येत नाही. बंद तंबूत स्टोव्ह पेटता ठेवणे किंवा निखाऱ्यांची शेगडी आत घेणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू भरणे. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. थंडीने ज्याचे बोलणे अडखळू लागले, जो कुडकुडायचा थांबला आणि तरीही गार आहे, त्याला एकटे झोपवू नये. ओले कपडे उतरवून, कोरडे घालून, दुसऱ्या माणसाशेजारी झाकून बसवावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे आणि मदत मागवावी.

या साऱ्याची चाचणी हिमालयात जाऊन घेण्याची गरज नाही. निफाडच्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि नांदगावच्या माळावर किंवा अंकाईच्या माथ्यावर डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्र उन्हाळी हिमालयातल्या खालच्या तळांच्या रात्रीइतकी थंड असू शकते. जी चटई, जी पिशवी आणि जे कपडे मे महिन्यात न्यायचे, त्यांनिशी तेथे एक रात्र उघड्यावर काढावी आणि पहाटे चारच्या सुमारास कोणता अवयव गार पडला ते पाहावे: पाठ किंवा नितंब गार पडले तर चटई बदलावी, पाय पडले तर मोजे आणि जेवण तपासावे, खांदे व मान पडली तर पिशवीचे तोंड नीट आवळावे, आणि अंग सगळीकडून एकसारखे गारठले तरच दुसरी पिशवी पाहायला बाजारात जावे.